आर्किटेक्चरची पुस्तकं जरा थांबू द्या

जावा या प्रोग्रामिंग भाषेवर दोन-तीन वर्षं काढली, स्प्रिंग या तिच्या फ्रेमवर्कमध्ये हात बसला, की आर्किटेक्चर, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची रचना, वाचायची घाई होते. मलाही झाली. एरिक इव्हान्स यांचं 'डोमेन-ड्रिव्हन डिझाइन' घेऊन बसले आणि ब्रायन गोट्झ व सहकाऱ्यांचं 'जावा कन्करन्सी इन प्रॅक्टिस' नुसतं चाळून बाजूला ठेवलं. तिथेच फसले.

चाळून डोक्यात राहिलं ते एवढंच: व्हेरिएबलला 'व्होलाटाइल' हा शब्द लावला की एका थ्रेडने (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एकाने) लिहिलेली व्हॅल्यू दुसऱ्याला दिसते. मग रिक्वेस्ट मोजणारा काउंटर व्होलाटाइल केला आणि निर्धास्त झाले. लोड वाढला की आकडा कमी भरायचा. लॉग पालथे घातले, डेटाबेसवर संशय घेतला, चार दिवस गेले. चूक एका ओळीत होती. 'काउंट प्लस-प्लस' दिसतं एक, पण आत तीन पायऱ्या आहेत: वाचा, एक मिळवा, परत लिहा. दोन थ्रेडनी एकदमच ४१ वाचलं तर दोघेही ४२ लिहितात. रिक्वेस्ट दोन, मोजली एक. दोघांनाही ताजीच व्हॅल्यू दिसली होती, म्हणजे व्होलाटाइलचं काहीच चुकलं नव्हतं. या तीन पायऱ्या अखंड ठेवणं हे त्याचं कामच नाही. त्यासाठी जावातला ॲटॉमिक-इंटिजर हा तयार काउंटर, फारच गर्दी असेल तर जावा ८ मधला लाँग-ॲडर. कन्करंट-हॅशमॅप, म्हणजे अनेक थ्रेडनी वापरायचा की-व्हॅल्यू जोड्यांचा साठा, वापरतानाही हाच खड्डा आहे. एखादी 'की' साठ्यात आहे का ते आधी बघून मग 'पुट' केलंत, म्हणजे व्हॅल्यू टाकलीत, तर मधल्या फटीत दुसरा थ्रेड शिरतोच. तिथे दोन्ही कामं अखंड करणारं कम्प्यूट-इफ-ॲबसेंट वापरा.

पुस्तक २००६ चं आहे म्हणून सोडू नका. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे हलके थ्रेड, आले, तरी सामायिक डेटाचे नियम तेच आहेत. अवघड जातं, हे खरं. मला पहिली पाच प्रकरणं दोनदा वाचावी लागली. तुम्हालाही लागली तर घाबरू नका.

सुरुवात मात्र जोशुआ ब्लॉक यांच्या 'इफेक्टिव्ह जावा'पासून करा, तिसरी आवृत्ती. ९० मुद्दे आहेत. रोज एक वाचा आणि तो आपल्याच कोडमध्ये कुठे मोडलाय ते शोधा. दहा मिनिटांच्या सारांश-व्हिडिओंवर माझा अजिबात विश्वास नाही. व्होलाटाइलचं जे अर्धवट ज्ञान मला पुस्तक चाळून मिळालं, तेच तिथेही मिळालं असतं. पुस्तकांची यादी देणारे सीनियर पुष्कळ भेटतील. "हा कोड दोन थ्रेडवर चालवून मोडून दाखव" म्हणणारा भेटला, तर त्याला सोडू नका.

१९९४ च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकातले २३ पॅटर्न, म्हणजे कोडच्या रचनेचे ठरलेले साचे, पाठ करू नका. अडचण आली की उघडा.

एवढं झालं की मार्टिन क्लेपमन यांचं 'डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स' घ्या. त्यातल्या ट्रान्झॅक्शनच्या (डेटाबेसवर एकगठ्ठा होणाऱ्या व्यवहाराच्या) प्रकरणात 'लॉस्ट अपडेट' वाचताना मी थबकले. थ्रेडच्या जागी दोन ट्रान्झॅक्शन होती, बाकी माझेच ४१ आणि ४२.