बुरशीवरचा भुंगेरा नवीन प्रजाती वाटतोय? मग पुढचं काम असं करा

महाबळेश्वर, बामणोली, कोयना, खाली चांदोलीपर्यंत कुठल्याही दाट रानात गेलात तर पडलेल्या अंजनी-जांभळाच्या खोडावर कडक फळीसारखी अळंबी धरलेली दिसते. ती फोडली की आत भुग्यात दीड-दोन मिलीमीटरचे तपकिरी भुंगेरे असतात, त्यांचं अख्खं आयुष्य त्या एका अळंबीतच जातं, अंडी तिथंच, अळी तिथंच, खाणं तिथंच. ह्या कुळाचं नाव सायिडी. एवढ्या बारक्या किड्यांकडे आपल्याकडे फार कमी लोकांनी बघितलंय, त्यामुळे नवीन काही सापडायची शक्यता खरीच आहे, पण सापडणं हा कामाचा छोटा भाग आहे. तो नवीन आहे हे दाखवणं हेच खरं काम, आणि त्याची तयारी जंगलातूनच सुरू होते.

आधी परवानगी. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथून वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काडीसुद्धा उचलायची नाही. अर्ज नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) ऑफिसकडे जातो, वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात काम करायचं असेल तर उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी अर्ज टाका. मालकीच्या रानात जाणार असाल तर मालकाला नीट सांगून, विचारून जा.

आता गोळा करणं. भुंगेरा तेवढा चिमट्याने उचलून बाटलीत टाकू नका, अळंबीचा तुकडाच घ्या, आणि सगळी खरवडून आणू नका, निम्मी तरी खोडावर राहू द्या. वरून फोटो, खालून छिद्रांचा फोटो, खोड कुठल्या झाडाचं ते, उंची, जीपीएस, तारीख, सगळं जागेवरच लिहा. घरी आल्यावर तुकडा डब्यात ठेवून तोंडाला मलमलचं कापड बांधा, तळाला टिश्यू पेपर, म्हणजे घाम धरत नाही. काही आठवड्यांत आतल्या अळ्यांचे भुंगेरे होऊन बाहेर येत राहतात आणि एकाच अळंबीतून नर, मादी, लहान-मोठे सगळे मिळतात. तुकड्यातला एक भाग सावलीत वाळवून, भुंगेऱ्याचाच नंबर टाकून ठेवा, कारण बुरशीचा अभ्यास करणारा माणूस नंतर ती बघून नाव सांगू शकतो. माझं ठाम मत आहे की बुरशीचं नाव नसलेला बुरशीखाऊ भुंगेरा म्हणजे अर्धाच नमुना, किती जुन्या नमुन्यांच्या लेबलवर नुसतं गाव आणि तारीख असते आणि तो काय खात होता हे आता कुणालाच कळणार नाही ह्याचं फार वाईट वाटतं.

काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी ठेवा, बाकीचे कार्डाच्या टोकदार तुकड्यावर चिकटवून पिनेवर. फॉर्मेलिन अजिबात वापरू नका, डीएनए खराब होतो.

मग मायक्रोस्कोपखाली कुळ पक्कं करा, आणि त्यासाठी पायाच्या टोकाचे सांधे मोजा. सायिडीत तिन्ही जोड्यांना चार-चार, बुरशीवरच सापडणाऱ्या दुसऱ्या दोन कुळांपैकी इरोटायलिडीत पाच-पाच पण चौथा एवढा बारका की चुकून चार वाटतात, मायसेटोफॅजिडीच्या नरात पुढच्या पायाला तीन आणि बाकीच्यांना चार. सायिडीच्या नराला बऱ्याचदा डोक्यावर किंवा पुढच्या ढालीवर (डोक्यामागच्या कडक पाठीवर) शिंगं असतात, आणि पोटाच्या पहिल्या पट्टीवर मध्ये एक बारीक केसाळ खळगा असतो.

इथं घाई करायची नाही. मोठ्या नराची शिंगं मोठी, त्याच प्रजातीच्या छोट्या नराला नुसते उंचवटे, म्हणजे शिंगांवरून दोन प्रजाती ठरवल्या तर दोन्ही एकच निघू शकतात. म्हणून एका नमुन्यावर प्रजाती लिहायचा मोह टाळा, जेवढे मिळतील तेवढे मोजा, लांबी, ढालीची रुंदी, पंखांच्या कवचाची लांबी-रुंदी आणि त्यांचं एकमेकांशी प्रमाण. नराचं जननेंद्रिय काढून बघायलाच लागतं, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या प्रजाती तिथं वेगळ्या निघतात. नमुना कोमट पाण्यात मऊ करा, पोट सोडवा, १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये ठेवून मांस विरघळू द्या (हातमोजे घाला, कातडी भाजते), पाण्यात धुवा आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून फोटो किंवा चित्र काढा. काढलेला भाग त्याच नमुन्याच्या पिनेवर बारीक कुपीत राहिला पाहिजे.

तुलना हा सगळ्यात लांबणारा भाग. त्या जीनसमधल्या (जवळच्या प्रजातींच्या गटातल्या) भारत, श्रीलंका, म्यानमार आणि पुढे आग्नेय आशियातल्याही प्रजातींची मूळ वर्णनं वाचायची, कारण तुमचा 'नवीन' भुंगेरा शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातून लिहिलेला असू शकतो. इरोटायलिडी किंवा एंडोमायकिडी (हेही बुरशीवरच्या भुंगेऱ्यांचं कुळ) असेल तर कीटकशास्त्रज्ञ ॲरोचा १९२५ चा 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'मधला खंड आधी बघा, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर असलं जुनं साहित्य फुकट मिळतं. वर्णन अपुरं वाटलं तर टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून ती प्रजाती पहिल्यांदा लिहिली तो, ज्या म्युझियममध्ये आहे तिथल्या क्युरेटरला मेल करून फोटो मागा. डीएनएचा सीओआय बारकोड (प्रजाती ओळखायला वापरतात तो एका जीनचा तुकडा) मदत करतो, पण तुलनेला जवळच्या प्रजातीचा सिक्वेन्सच नसेल तर नुसत्या बारकोडने काही सिद्ध होत नाही.

एवढं करूनही वेगळाच ठरला तर लिहायला घ्या. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे २००० सालापासून होलोटाइप (नाव ज्याच्यावर टिकतं तो एकमेव नमुना) ठरवणं आणि तो कुठल्या संग्रहात राहणार हे लिहिणं सक्तीचं आहे, नाव नवीन आहे हेही स्पष्ट लिहावं लागतं, आणि फरक शब्दांत मांडावे लागतात. त्या फरकांच्या परिच्छेदावर जास्त मेहनत घ्या, लांबलचक वर्णन कमी लोक वाचतात, पण 'ह्या प्रजातीपासून ह्या खुणेने वेगळी' हे सगळे शोधतात. जागेवरून नाव दिलंत, समजा कोयनेवरून, तर शेवटी 'एन्सिस' लागतं, जीनस नपुंसकलिंगी असेल तर 'एन्से'. स्वतःचं नाव देऊ नका, तसा रिवाज नाही.

होलोटाइप घरी ठेवायचा नाही. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवीन प्रजाती मान्यताप्राप्त संग्रहाला कळवून तिथं नमुने जमा करायचे असतात, झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, साताऱ्याहून तिथं विचारणं सगळ्यात सोपं. नमुने परदेशात पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी वाचा. जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर छापायच्या आधी झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करून तो नंबर पेपरमध्येच टाका, नाहीतर नाव वैध धरलं जात नाही. पेपर आला की एक प्रत वनविभागाला आणि सोबत मराठीत दोन पानं त्या रानाजवळच्या गावातल्या शाळेला द्या, भुंगेऱ्याचा मोठा फोटो आणि अळंबीचा फोटो लावून.