डल, सिंपल, गिडी: मंद किंवा सुन्न माणसाबद्दल इंग्रजीत बोलताना या चुका टाळा

'आज तू डल दिसतोयस' हे वाक्य पुण्या-मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात कानावर पडतं आणि ऐकणाऱ्याला त्यात काळजीच जाणवते. बरं नाही का, झोप झाली नाही का, एवढाच त्याचा अर्थ. पण लंडनमधल्या सहकाऱ्याला 'यू लुक डल' म्हणून पाहा. तो मनातून दुखावेल, निदान बुचकळ्यात तरी पडेल. त्याच्या इंग्रजीत डल माणूस म्हणजे रटाळ माणूस, आणि जरा जुन्या वापरात बुद्धीने मंद. मलूल चेहऱ्याच्या माणसाला 'यू लुक टायर्ड' किंवा 'आर यू फीलिंग ऑलराइट?' म्हणावं. आपापसात मात्र 'डल' खुशाल चालू द्या, भारतीय इंग्रजीत तो अर्थ केव्हाच रुजलाय.

या सगळ्या शब्दांत आपली गाडी अडते ती एकाच ठिकाणी. मराठीत 'डोकं बधिर झालंय' आणि 'तो बधिरच आहे' यांत शब्द तोच राहतो, अवस्था की स्वभाव हे क्रियापद सांगतं. इंग्रजीत बहुतेक वेळा शब्दच बदलावा लागतो. थिक, डेन्स, डिम, डिमविटेड हे स्वभावाचे शब्द. डेझ्ड, स्टन्ड, ग्रॉगी, फ्लस्टर्ड हे त्या वेळेपुरते. परीक्षेच्या हॉलमध्ये भांबावलेल्या मुलीला 'शी इज डेन्स' म्हटलं, तर तिच्या अख्ख्या बुद्धीवरच शेरा मारला गेला. तिला 'फ्लस्टर्ड' म्हणावं. एरवी हुशार असलेला मित्र आजच हट्टाने समजून घेत नसेल, तर 'यू आर बीइंग डेन्स' म्हणता येतं. त्या 'बीइंग'मुळे दोष तेवढ्या वेळेपुरता राहतो.

'सिंपल' हा त्याहून फसवा. स्थळाची माहिती देताना 'मुलगा अगदी सिंपल आहे' ही आपल्याकडे पसंतीची पावती. इंग्रजी मातृभाषा असलेल्याला 'ही इज अ बिट सिंपल' ऐकून वाटेल की मुलाची समज कमी आहे, आणि हे सांगताना तुम्ही आवाज खाली का आणला नाहीत! साध्या माणसाला 'डाउन टू अर्थ' किंवा 'अनअस्युमिंग' म्हणा. भोळ्याचंही तसंच. विश्वास टाकणारा असेल तर 'ट्रस्टिंग', जगाचा अनुभव नसलेला 'नाईव्ह', कुणीही गंडवावं असा 'गलिबल'. मोठ्या माणसाला सरसकट 'इनोसन्ट' म्हटलं, की आधी कोर्टातून सुटल्यासारखं वाटतं.

डॉक्टरांसमोर

इथे मात्र चूक महागात पडू शकते. परदेशात मुलांकडे गेलेल्या आईवडिलांबरोबर दवाखान्यात बसलात, तर 'डल' आणि 'गिडी' हे दोन्ही शब्द बाहेरच ठेवा. चक्कर येते या अर्थाने 'गिडी' ब्रिटनमध्ये समजेल, पण अमेरिकेत 'आय ॲम गिडी' म्हणणारा बहुधा आनंदाने हुरळलेला असतो. 'डिझी' म्हणा. त्यावर डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतीलच: खोली गरगर फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? पहिल्याला 'स्पिनिंग', दुसऱ्याला 'लाइटहेडेड'. दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून हा फरक सांगणं गरजेचं.

डोक्याला मार लागून भांबावलेला माणूस 'डेझ्ड'. आपण कुठे आहोत, आज वार कोणता हे सांगता येत नसेल तर 'डिसओरिएंटेड'. डोळे मिटत असतील तर 'ड्राउझी'. झोपेतून किंवा भुलेतून उठल्यावरची धुंदी म्हणजे 'ग्रॉगी', आणि हा शब्द आला थेट जहाजावरून. ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन याने 1740 मध्ये खलाशांची रम पाणी घालून द्यायचा हुकूम काढला, त्या पेयाला ग्रॉग नाव पडलं आणि ते पिऊन झुलणारा तो ग्रॉगी. 'लेथार्जिक' जपून वापरा. आपण तो आळशी माणसाला सहज चिकटवतो, पण तान्ह्या बाळाबद्दल हा शब्द ऐकला की डॉक्टर सावध होतात. बेशुद्ध म्हणजे 'अनकॉन्शस', 'सेन्सलेस' नव्हे. आणि विशेषण आठवलंच नाही, तर जे दिसतंय ते सांगा: 'ही कान्ट स्टे अवेक', 'शी कीप्स आस्किंग द सेम क्वेश्चन'. नेमक्या विशेषणापेक्षा हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

थट्टेतले शब्द

इडियट, इम्बेसाइल, मोरॉन या आज नुसत्या शिव्या वाटतात, पण एके काळी हे वैद्यकीय वर्गीकरण होतं. हेन्री गोडार्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1910 मध्ये ग्रीक शब्दावरून 'मोरॉन' घडवला, तो मानसिक वय 8 ते 12 मानल्या गेलेल्या प्रौढांसाठी. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'बक विरुद्ध बेल' खटल्यात मंदबुद्धी ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदी वैध ठरवली, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांनी इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या असं निकालात लिहिलं. आपल्याकडे 1912 च्या ल्यूनसी ॲक्टमध्येही, म्हणजे मनोरुग्णांविषयीच्या कायद्यात, 'इडियट' हा शब्द व्याख्येत होता. मित्राला इडियट म्हटलं तर आज कुणी हिशेब मागत नाही. पण 'रिटार्डेड' गमतीतही नको. अमेरिकेने 2010 च्या 'रोझाज लॉ'ने केंद्रीय कायद्यांतून 'मेंटल रिटार्डेशन' काढून 'इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी' आणलं. 'डेफ अँड डम'ही तसंच टाळावं. 'डम' म्हणजे मुका हा मूळ अर्थ आता मागे पडलाय, ऐकणाऱ्याला 'मूर्ख'च ऐकू येतं.

'ट्यूबलाइट' आपल्या घरचा शब्द. चोक-स्टार्टरवाली नळी लुकलुकत उशिरा पेटायची हे ज्याने पाहिलंय त्यालाच तो कळतो. बाहेर 'स्लो ऑन द अपटेक' म्हणा, आणि एकदाची पेटली की ब्रिटिश म्हणतील 'द पेनी ड्रॉप्ड'. 'ढ'ला तर इंग्रजीत तोडच नाही. अशोककालीन ब्राह्मीपासून हे अक्षर फारसं बदललं नाही, म्हणून न सुधारणारा विद्यार्थी 'ढ', अशी त्याची उपपत्ती सांगतात. खरी असो वा नसो, सुंदर आहे.

उरलेलं पटकन. 'आय बिकेम ब्लँक' नको, 'माय माइंड वेंट ब्लँक'. 'आय ॲम कन्फ्यूजिंग' म्हणजे मी इतरांना गोंधळात टाकतो, स्वतः गोंधळलात तर 'कन्फ्यूज्ड'. 'बीम्यूज्ड'चा 'अम्यूज्ड'शी संबंध लावू नका, त्यात हसू नसतं, गोंधळ असतो. आणि 'नॉनप्लस्ड' लिहायचा मोह झाला तर आवरा: मूळ अर्थ गोंधळून थबकलेला, पण अमेरिकेत बरेच जण तो नेमक्या उलट अर्थाने, म्हणजे ढिम्म न हललेला, असा वापरतात.