मांजराच्या लघवीचा वास अचानक उग्र झाला तर

मांजर मुळात कोरड्या प्रदेशातलं जनावर, त्यामुळे लघवी घट्टच असते. त्यातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, म्हणून ताज्या डागापेक्षा कालचा डाग जास्त झोंबतो. नसबंदी न केलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं रसायन भरपूर असतं. त्यातून गंधकाची संयुगं सुटतात, तोच तो ‘बोक्याचा वास’. नसबंदीनंतर तो बराच उतरतो.

ठाण्यात पावसाळ्यात पुसलेला कोपराही पुन्हा घमघमतो. लघवीचे वाळलेले अंश नुसत्या पाण्याने पुरते जात नाहीत आणि दमट हवेत पुन्हा वास सोडतात. एन्झाइमवालं क्लीनर ओतून डाग १०-१५ मिनिटं ओला राहू द्या, मग टिपा. घासू नका. ब्लीच तर नकोच, अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. आणि फिनाईल? ते पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, आणि त्यातलं फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही.

ट्रे रोज साफ करूनही वास वाढला असेल तर आधी पाणी कमी पडतंय का बघा. सुक्या खाण्यासोबत ओलं खाणं द्या. लघवीत रक्त, थेंब-थेंब लघवी किंवा ट्रेबाहेर लघवी म्हणजे मूत्रमार्गाचा त्रास असू शकतो. उलट ढीगभर, पाण्यासारखी, बिनवासाची लघवी आणि सतत तहान असेल तर मूत्रपिंड आणि साखर तपासा.

बोका ट्रेत बसून कुंथतोय, पण थेंबही नाही? सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टर गाठा. मार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जीव जातो.