गावी जाल तेव्हा आई-वडिलांचं आधार लॉक करून या

गावी पोचलात की एक अख्खी दुपार या कामासाठी राखून ठेवा. निघण्यापूर्वी फोनवर एवढं विचारा, आधारला जोडलेला मोबाईल नंबर अजून चालू आहे ना? नसेल तर ओटीपी येणार नाही आणि पुढचं सगळं अडेल. मग आधी आधार केंद्र गाठायचं, तेही त्यांना सोबत घेऊन. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणालाही मिळू शकतो, म्हणून हे लांबणीवर टाकू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो अंगठ्याला. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. पिन नाही, ओटीपी नाही. वयस्कर माणसांना याचा मोठाच आधार आहे, पण चोरांनीही नेमकी हीच वाट धरली. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले गेले आणि लोकांची खाती रिकामी झाली. म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक लावा, म्हणजे त्यांच्या बोटाच्या ठशावर कुठलाच व्यवहार होणार नाही.

मात्र लावण्यापूर्वी घरात विचारा, रेशनला अंगठा कोण देतं? पेन्शन कशी काढता? लॉक असेपर्यंत रेशन दुकानातलं मशीनही अंगठा घेत नाही, आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला ऑनलाइन देताना अडतं. रेशन घरातल्या एकाच्या अंगठ्यावर मिळतं, तेव्हा त्या एकाचं उघडं ठेवून बाकीच्यांचं लॉक करता येईल. गरजेपुरतं लॉक उघडणं आईला स्वतःला जमायला हवं. तुम्ही करून देऊ नका, तिच्याकडून दोन-तीनदा करवून घ्या. जमणारच नसेल तर हट्ट नको. अशा वेळी अंगठ्यावर चालणाऱ्या खात्यात थोडीच रक्कम ठेवा, आणि मोठी ठेव असलेल्या खात्यावर अंगठ्याने पैसे काढणं बंद करता येतं का, हे बँकेत जाऊन विचारा.

मग कागदांची पिशवी काढा. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवी सही, तारीख आणि ‘फक्त अमुक कामासाठी’ असं पेनाने लिहा. दुकानात खराब निघालेली प्रत मागून घ्या. झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ प्रिंट निघताच ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. संकोच वाटतो खरा, तरी करा.

चहा होईपर्यंत सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते बघून घ्या. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतं. पॅनवर कुणी परस्पर कर्ज उचललं नाही ना, हे सिबिलच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात कळतं. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

शेवटी दोघांच्या फोनमध्ये १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर सेव्ह करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरही ठळक लिहा. पैसे गेल्याचा मेसेज दिसला की आधी १९३०, लगेच बँक. चूक ना आपली ना बँकेची अशा फसवणुकीत, मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं. तक्रार लेखी द्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय बँकेतून निघू नका, हे बाबांना आवर्जून सांगा.