जपानी स्वतः शिकताय? मग या चुका टाळा

पहिली चूक वहीच्या पहिल्या पानावरच होते: जपानी शब्द देवनागरीत उतरवून घेणं. मोह होतोच, कारण हिरागाना या जपानी लिपीचा क्रम आ, का, सा, ता, ना, हा, मा असा ओळखीचा वाटतो. ते साम्य योगायोगाचं नाही. बौद्ध धर्माबरोबर जपानला पोचलेल्या सिद्धम् या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो क्रम आला आहे.

पण स्वरांचं माप वेगळं आहे. जपानीतला ‘आ’ आखूड असतो आणि आखूड ‘आ’साठी देवनागरीत अक्षरच नाही. ‘ओसाका’ म्हणताना आपण शेवटचा ‘का’ लांबवतो. जपानी माणूस पहिला ‘ओ’ लांबवतो आणि ‘साका’ पटकन संपवतो. ओबासान म्हणजे मावशी, आत्या. ओबाआसान म्हणजे आजी. ‘किते’ म्हणजे ये, ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचं तिकीट.

वही देवनागरीत भरून गेली असेल तर ती बाजूला ठेवा. ४६ हिरागाना हाताने गिरवा, मग दुसऱ्या लिपीची, काताकानाची, तेवढीच अक्षरं. शब्द ऐकताना दर मात्रेला एक टाळी द्या: ओ-ओ-सा-का, चार टाळ्या. कि-त्-ते, तीन. आठवडाभर हे केलंत तरी कान बदललेला जाणवेल. एक उच्चार मात्र आपल्याकडे आयता आहे. ‘त्सुनामी’ची सुरुवात ‘चूक’ शब्दातल्या ‘च’ने करा.

दुसरी चूक, वाक्य मनात इंग्रजीत जुळवणं. ‘वाताशी वा पुणे नि सुन्दे इमासु’ म्हणजे ‘मी पुण्यात राहत आहे’: कर्ता, ठिकाण, शेवटी क्रियापद, आणि नामामागून लागणारा प्रत्यय. सरळ मराठीतून विचार करा. अडखळाल ते ‘-त’ या प्रत्ययावर. पुण्यात राहणं असेल तर ‘नि’, पुण्यात काम करणं असेल तर ‘दे’. आपला एक प्रत्यय तिथे दोन होतो, म्हणून प्रत्यय नेहमी क्रियापदासकट पाठ करा.

कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रलिपीतल्या अक्षरांची, यादी घोकू नका. नित्य वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत आणि एकेकीचे उच्चार अनेक. ‘निचियोओबी’ म्हणजे रविवार. त्यात पहिली आणि शेवटची कांजी एकच, पण सुरुवातीला ‘निचि’ आणि शेवटी ‘बी’. सुटे उच्चार पाठ करून हे कधीच उलगडत नाही. शब्द शिका, कांजी त्याच्याबरोबर येते.

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन५ ही सर्वांत सोपी पातळी देणार असाल तर आणखी एक. उत्तीर्ण व्हायला १८० पैकी ८० गुण लागतात, पण श्रवणात ६० पैकी किमान १९ नसतील तर एकूण कितीही असोत, नापासच. घरी एकट्याने शिकणाऱ्यांचा घात इथेच होतो, कारण पुस्तक बोलत नाही. जपान फाउंडेशनच्या संकेतस्थळावर ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक ऑडिओसह मोफत मिळतं. धडा आधी ऐका, मग उघडा. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते, म्हणून ऐकलेलं वाक्य लगेच मोठ्याने म्हणायची सवय तुम्हालाच लावून घ्यावी लागेल.