क्लचचं पेडल चुंईचुंई करतंय? गॅरेजला जायच्या आधी घरी एवढं करून बघा

क्लच दाबला की चुंई, सोडला की परत चुंई. असा आवाज सुरू झाला की क्लचप्लेट गेली वाटतं म्हणून लोक थेट गॅरेज गाठतात, पण बहुतेक वेळा प्लेटचा काही संबंध नसतोय. डॅशबोर्डच्या खाली जिथं पेडल लटकतंय तिथला बुश (पिनभोवती बसणारी छोटी नळी) किंवा स्प्रिंग कोरडी पडलेली असते आणि ते काम घरासमोर गाडी लावून आरामात होतंय. आपल्या बेळगावकडं हा त्रास जास्त, कारण खानापूर-जांबोटी-कणकुंबी बाजूला चार महिने गाडीत ओल राहते, मॅट सुकतच नाही, स्प्रिंगला गंज धरतोय, आणि निपाणी-चिकोडीकडं ऊस सुरू झाला की रस्त्याची सगळी धूळ आत येऊन जुन्या ग्रीसला चिकटून बसते.

एक गोष्ट मात्र पक्की धरा, आवाज नेमका कुठून येतोय ते सापडल्याशिवाय स्प्रेचा डबा हातात घ्यायचा नाही. सगळीकडं फवारून आवाज चार दिवस बंद होतोय, परत येतोय, आणि वर मॅटवर तेल सांडून पाय घसरायची भीती वेगळीच.

तर गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, चाकाला एक दगड लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. मॅट बाहेर काढा, कधी कधी मॅटच पेडलला घासत असते आणि तेवढ्यावरच काम संपतंय. आता इंजिन बंद ठेवूनच पेडल हातानं सावकाश दाबा आणि सोडा. आवाज आला तर दोष पेडल, स्प्रिंग, केबल किंवा खाली गिअरबॉक्सवरच्या फोर्कमध्ये (क्लच सोडवायला बेअरिंग ढकलणारा दांडा). इंजिन बंद असताना काहीच आवाज नाही, पण चालू इंजिनवर क्लच दाबला की घरघर आणि सोडला की शांत, असं असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच दाबल्यावर त्याला ढकलणारं बेअरिंग) संपत आलंय. उलटं, म्हणजे न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. हे दोन्ही घरचे विषय नाहीत, ग्रीस लावत बसू नका, मेस्त्रीकडं जा.

पेडलचाच आवाज असेल तर सीट पूर्ण मागं सरकवा आणि टॉर्च घेऊन डोकं आत घाला. घरातल्या कुणालातरी बाजूला बसवून हातानं पेडल दाबायला सांगा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक संशयाच्या जागेजवळच्या न हलणाऱ्या पत्र्यावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, जिथं चुंई एकदम मोठी ऐकू येते तीच जागा. फक्त स्प्रिंगच्या फटीत बोटं घालू नका, ती जोरात मिटते. स्टीअरिंगच्या खाली पिवळ्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही.

साधारण तीन जागा बघायच्या. पहिली, पेडल ज्या पिनवर फिरतंय तिथला नायलॉनचा बुश. दुसरी, स्प्रिंगची दोन्ही टोकं जिथं हुकात अडकतात. तिसरी, पेडलला मास्टर सिलिंडरचा (क्लचच्या ऑइलला दाब देणारा पंप) पुशरॉड, म्हणजे ढकलणारी दांडी, जोडणारी पिन. मारुती ८०० किंवा जुन्या अल्टोसारखी केबलची गाडी असेल तर तिथं पुशरॉडच्या जागी केबलचं टोक अडकवलेलं दिसेल.

सापडलेली जागा आधी साफ करा, खरी मेहनत इथंच आहे आणि इथंच लोक घाई करतात. जुनं ग्रीस धुळीत मिसळून काळं झालेलं असतंय, त्यावर नवीन ग्रीस थापलं तर ते पॉलिश पेपरसारखं बुशला घासत राहतंय. जुना टूथब्रश आणि सुती फडकं घ्या, गंज असेल तर थोडा डब्ल्यूडी-४० फडक्यावर मारून पुसा. डब्ल्यूडी-४० गंज सोडवायला चांगला, पण टिकणारं ग्रीस म्हणून तो चालत नाही, पुसून कोरडं केल्यावरच पुढचं काम करायचं. पेडलजवळ ब्रेक लाइटचा स्विच असतोय, काही गाड्यांत क्लचचापण, त्यावर स्प्रे उडू देऊ नका.

मग पांढरं लिथियम ग्रीस, नळीवाला स्प्रे मिळाला तर उत्तम, नाहीतर काडीनं लावा. पिन आणि बुशच्या फटीत थोडंसं, स्प्रिंगच्या टोकांना थोडंसं, आणि पेडल वीसतीस वेळा दाबून आत जाऊ द्या, मग बाहेर आलेलं पुसून घ्या. मास्टर सिलिंडरच्या रबरी बूटला (दांडीवरच्या रबरी टोपीला) मात्र हे ग्रीस लावू नका, खनिज तेलानं तो रबर फुगतोय, तिथं सिलिकॉनचंच ग्रीस पाहिजे. आणि खोबरेल तेल, जे आमच्याकडं मोठी माणसं हमखास सुचवतात, "जरा खोबरेल सोड की, जातंय आवाज", ते खरंच नको. खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतंय, आणि बेळगावच्या थंडीत सकाळी पारा त्याच्या खूप खाली असतोय. शिवाय त्यावर धूळ बसते ती वेगळीच.

ग्रीस लावूनही पेडल डावीउजवीकडं हलत असेल तर बुश झिजलाय, तो बदलायलाच हवा. कंपनीचा बुश मिळत असेल तर तोच घ्या. जुन्या गाडीचा मिळेना झाला तर बेळगावच्या उद्यमबागेत लेथचं काम करणारे आहेत, जुना बुश नमुन्याला नेऊन नायलॉनचा करून मिळतोय का ते विचारा. जाड, ताणलेली स्प्रिंग घरी उपसायच्या भानगडीत पडू नका, ती उडाली तर डोळ्याला लागते.

केबलच्या गाडीत केबलचं वरचं आवरण तुटलेलं किंवा आतल्या तारा सुटलेल्या दिसल्या तर तेल सोडून दिवस ढकलू नका, नवीन केबल टाका. चोर्ला घाटात मध्येच केबल तुटली तर रात्री मदत मिळणं अवघड. नवीन केबल टाकल्यावर पेडलचा प्ले (क्लच लागायच्या आधी पेडल मोकळं हलतंय तेवढं अंतर) गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा ठेवायचा, प्ले अजिबात नसेल तर क्लच पूर्ण धरत नाही आणि प्लेट जळते. हायड्रॉलिक गाडीत, म्हणजे केबलऐवजी ऑइलवर चालणाऱ्या क्लचच्या गाडीत, पुशरॉडजवळ ओलं दिसलं तर ते क्लचचं ऑइल आहे, मास्टर सिलिंडर गळतोय. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची ऑइलची टाकी एकच असते, त्यामुळं हे पुढं ढकलायचं काम नाही.

सगळं झाल्यावर तिन्ही पेडलचं रबर कोरड्या फडक्यानं पुसा, मॅट नीट अडकवा, आणि गाडी हलवायच्या आधी इंजिन चालू करून क्लच आणि ब्रेक दाबून बघा, मागचा ब्रेक लाइट लागतोय का ते कुणाला तरी बघायला सांगा. मग जवळच एक फेरी मारा.

एवढं करूनही बंद इंजिनवर आवाज राहिला आणि तो बॉनेटच्या बाजूनं यायला लागला, तर फोर्कचा पिव्हट, म्हणजे तो ज्यावर टेकून हलतोय ती जागा, कोरडा पडलाय. त्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतोय आणि मजुरीचा मोठा भाग तिथंच जातोय, म्हणून गिअरबॉक्स खाली असतानाच रिलीज बेअरिंग, क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेट तपासून घ्यायला मेस्त्रीला आधीच सांगून ठेवा.