'थ्रेनडी' मराठीत आणण्याआधी

इंग्रजी कवितेत 'थ्रेनडी' आडवा आला की बरेच जण कोशात 'शोकगीत' बघतात आणि पुढे सरकतात. मला ते पटत नाही. 'एलिजी'लाही आपण शोकगीतच म्हणतो, 'डर्ज'लाही तेच. मग कवीने तिघांतून नेमका हाच का उचलला? अनुवादाच्या वर्गात मी मुलांना आधी शब्दाची फोड करायला लावते.

सुरुवात शेपटापासून करा. 'ओडी' म्हणजे ग्रीक 'ओइडे', गाणं. मेलडी, पॅरडी, कॉमेडी, ट्रॅजेडी, सगळ्यांत तेच दडलंय. ('कस्टडी' मात्र या घरातला नाही, तो लॅटिनमधून आलाय. तेव्हा नुसत्या कानावर विसंबू नका, व्युत्पत्ती बघाच.) उरला 'थ्रेनोस': मेलेल्या माणसासाठीचा विलाप. इंग्रजीत हा जोडशब्द सतराव्या शतकात रुळला.

मग शब्द त्याच्या मूळ गावी गाठा. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचा शेवटचा, चोविसावा सर्ग काढा. ट्रॉयचा योद्धा हेक्टर, त्याचं प्रेत घरी आणून पलंगावर ठेवतात, शेजारी गायक बसवतात. ते थ्रेनोस गातात आणि बायका रडून साथ देतात. मग अँड्रोमकी नवऱ्याचं डोकं हातात धरते: तू तरुणपणीच गेलास, मला विधवा केलंस, पोर अजून तान्हं आहे. तिच्यानंतर हेक्टरची आई हेक्युबा, मग भावजय हेलन. या घरच्या बायकांच्या विलापाला होमर वेगळा शब्द योजतो, 'गोओस'. आपल्याकडे बाया गेलेल्याच्या आठवणी सांगत हेल काढून रडतात, ते या गोओसच्या जवळचं. थ्रेनोस गाण्याचं काम मात्र गायकांचं. म्हणून थ्रेनडीला 'हंबरडा' किंवा 'आक्रोश' लावू नका. त्यातलं रचलेपण हरवतं.

आता संदर्भ बघा. गाणारा माणूस दिसत असेल तर 'शोकगान' ठेवा. 'विलापिका' एलिजीसाठी राखून ठेवलेली बरी, आपल्या समीक्षेत ती तिथेच रुळलीय. संगीताचा विषय असेल तर 'गीत' अडचणीचं ठरतं. पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्की यांची हिरोशिमाच्या बळींसाठीची थ्रेनडी ५२ तंतुवाद्यांची आहे, तिच्यात एकही शब्द नाही. मुळात तिचं नाव नुसतं '८ मिनिटं ३७ सेकंद' असं होतं, हिरोशिमाचं नाव नंतर आलं. अशा ठिकाणी मी 'शोकधून' घेते. आणि कवितेचं शीर्षकच 'थ्रेनडी' असेल, तर संपूर्ण अनुवाद हातावेगळा होईपर्यंत शीर्षकाची जागा कोरी सोडा.